जहाज स्वतःबद्दल काय सांगते: एआयएस ऐकायला शिकणाऱ्यांसाठी

मुंबई बंदराच्या तोंडाशी कधीही पाहा, काही जहाजे नांगर टाकून उभी असतातच. त्यातले तेलाचे कोणते, कंटेनरचे कोणते, कुठे निघाले हे कळायला पूर्वी बंदरात कोणीतरी ओळखीचे लागायचे. आता यातली बरीच माहिती जहाज स्वतःच दर काही सेकंदांनी किंवा मिनिटांनी रेडिओवरून प्रसारित करते, तीही उघड, कसलेही कुलूप न लावता. या यंत्रणेचे पूर्ण नाव ऑटोमॅटिक आयडेंटिफिकेशन सिस्टिम, पण सगळे एआयएसच म्हणतात. घराच्या गच्चीवरून ती ऐकता येते, आणि त्यासाठी इंजिनिअर असावे लागत नाही.

एआयएस बनवली ती जहाजांची एकमेकांशी टक्कर होऊ नये म्हणून. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या (आयएमओच्या) सोलास या सागरी सुरक्षेच्या करारानुसार परदेशी फेऱ्या करणाऱ्या ३०० ग्रॉस टनांवरच्या सर्व जहाजांवर, देशांतर्गत चालणाऱ्या ५०० टनांवरच्या मालवाहू जहाजांवर आणि सर्व प्रवासी जहाजांवर ती सक्तीची आहे. २००४ अखेरपर्यंत बहुतेक मोठ्या जहाजांवर ती बसली. आपण किनाऱ्यावर बसून जे ऐकतो ते मुळात एका जहाजाने दुसऱ्या जहाजाला सांगितलेले असते. हे लक्षात ठेवले की पुढच्या बऱ्याच विचित्र वाटणाऱ्या गोष्टींचा उलगडा होतो.

आधी फोनवर पाहा

लगेच काही विकत घेऊ नका. मरीनट्रॅफिक किंवा व्हेसलफाइंडर यांपैकी एखादी साइट उघडा आणि नकाशा मुंबईवर आणा. कुलाब्याच्या पूर्वेला बंदर, त्यात जवाहर द्वीपाला लागलेले तेलवाहू टँकर, पलीकडे न्हावा शेवाचे कंटेनरवाले, खाली दक्षिणेला धरमतर खाडीकडे कोळसा-खनिज घेऊन ये-जा करणारे बार्ज, आणि भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो. आठवडाभर रोज थोडा वेळ बघितले तरी कोणाचा रस्ता कोणता हे डोळ्यांत बसते. मुंबई हायच्या तेलक्षेत्राकडे सामान पोचवणाऱ्या पुरवठा बोटीही याच गर्दीत ओळखू येऊ लागतात.

नकाशावरच्या प्रत्येक ठिपक्याला वेळ लिहिलेली असते, ती वाचायची सवय आत्ताच लावा. 'दोन मिनिटांपूर्वी' आणि 'नऊ तासांपूर्वी' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. किनाऱ्याजवळची माहिती कोणाच्या तरी अँटेनाने ऐकलेली असते. भर समुद्रातली उपग्रहाने टिपलेली असते, आणि ती बहुधा पैसे मोजून मिळते. उपग्रहातून एआयएस ऐकण्यात आपणही मागे नाही. इस्रोच्या २०११ सालच्या रिसोर्ससॅट-२ वर त्यासाठीचे कॅनडात बनलेले उपकरण होते.

मग स्वतःचा अँटेना कशाला, असा प्रश्न पडेल. कारण साइट तुम्हाला पुसून-चकाकवून ठेवलेला ठिपका दाखवते. जहाजाने नेमके काय पाठवले, कधी पाठवले आणि त्यात काय चुकले, हे मूळ संदेश ऐकल्याशिवाय कळत नाही.

खरेदीआधी कायद्याचे दोन शब्द

आपल्याकडे वायरलेस उपकरणांना १९३३ च्या कायद्यापासून परवान्याची चौकट आहे आणि २०२३ चा दूरसंचार कायदाही आला आहे. म्हणून रिसीव्हर घेण्याआधी, विशेषतः परदेशातून मागवण्याआधी, दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेचे, म्हणजे डब्ल्यूपीसीचे, सध्याचे नियम वाचून घ्या. गावात हॅम रेडिओ क्लब असेल तर तिथल्या जुन्या मंडळींना विचारा, ते नीट सांगतील. या लेखात आहे ते फक्त ऐकणे. परवान्याशिवाय या वारंवारितांवर काहीही प्रक्षेपित करायचे नाही, गंमत म्हणूनही नाही. ही समोरासमोर येणाऱ्या जहाजांची सुरक्षेची वाहिनी आहे. आणि नौदलाच्या किंवा तटरक्षक दलाच्या आवाराशेजारी अँटेना घेऊन उभे राहण्यात शहाणपणा नाही, हे वेगळे सांगायला नको.

सामान

एक यूएसबी रिसीव्हर, एक अँटेना, एक केबल, एक लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक. बस.

रिसीव्हर म्हणजे आरटीएल-एसडीआर नावाचा पेनड्राइव्हएवढा डाँगल. मुळात हा संगणकावर टीव्ही पाहण्यासाठी बनला. २०१२ च्या सुमारास त्यातल्या चिपमधून कच्चा रेडिओ सिग्नल बाहेर काढता येतो हे लोकांच्या ध्यानात आले आणि हौशी मंडळींचे फावले. घेताना 'टीसीएक्सओ' लिहिलेला घ्या. म्हणजे त्याची वारंवारिता तापल्यावर भरकटत नाही. जुना स्वस्त डाँगल दशलक्षात पन्नास भागांनी चुकला, तरी १६२ मेगाहर्ट्झला तो आठ किलोहर्ट्झ बाजूला जातो. एआयएसची वाहिनीच २५ किलोहर्ट्झ रुंद, त्यामुळे तेवढ्यात संदेश हातचे जातात.

डाँगलवर पैसे ओतण्यापेक्षा अँटेना आणि त्याची जागा यांवर वेळ घालवा. माझे मत विचाराल तर या छंदातला ऐंशी टक्के निकाल उंचीवर लागतो आणि उरलेला केबलवर.

एआयएस १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झ या दोन वाहिन्यांवर चालते. तिथे लाटेची लांबी साधारण १ मीटर ८५ सेंटिमीटर. तिचा चौथा भाग ४६ सेंटिमीटर, आणि तारेत लाट किंचित सावकाश धावत असल्याने प्रत्यक्षात ४४ सेंटिमीटरची तार कापायची. अशा दोन तारा, एक वर एक खाली, सरळ उभ्या रेषेत. मधल्या सांध्यावर केबलचा गाभा एकीला, जाळी दुसरीला. झाला डायपोल. प्लास्टिकच्या पाइपवर किंवा बांबूवर बांधला तरी चालतो, लोखंडाच्या नळीला मात्र चिकटवू नका. तो उभाच हवा, कारण जहाजांचे अँटेना उभे असतात. आडवा ठेवलात तर बराचसा सिग्नल गेलाच म्हणून समजा.

केबलचे लोकांच्या लक्षात येत नाही. बाजारात सहज मिळणारी आरजी-५८ दहा मीटर लावली तर साधारण दोन डेसिबल खाते, म्हणजे आलेल्या शक्तीचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग वाटेतच संपतो. केबलवाल्याकडची आरजी-६ त्यापेक्षा कमी खाते आणि स्वस्तही पडते. ती ७५ ओहमची आहे, डाँगल ५० चा, तरी ऐकण्याच्या कामात या विसंगतीने काही बिघडत नाही. याहून बरे म्हणजे रास्पबेरी पाय गच्चीच्या जिन्यात ठेवा, केबल दोन मीटरची करा आणि खाली वायफायने माहिती आणा.

पावसाळ्यात सांध्यावर पाणी जाऊ नये म्हणून सेल्फ-अमाल्गमेटिंग, म्हणजे स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी, टेप गुंडाळा, साधी इन्सुलेशन टेप एका सरीत सुटते. विजांचा कडकडाट सुरू होण्याआधी केबल डाँगलपासून काढून ठेवायची, हा नियम मोडायचा नाही. आणि सोसायटीच्या गच्चीवर काही बांधण्याआधी सेक्रेटरींना विचारून घ्या. डायपोलपेक्षा ती परवानगी मिळवायला जास्त दिवस लागतात.

पहिला संदेश

विंडोजवर डाँगलचा ड्रायव्हर झॅडिग या छोट्या प्रोग्रॅमने बदलावा लागतो. हे न केल्यास संगणक त्याला टीव्हीच समजत राहतो. लिनक्सवर बहुधा काही करावे लागत नाही.

एकदम नकाशाच्या मागे लागू नका. आधी एसडीआरशार्पसारख्या प्रोग्रॅममध्ये १६२.००० मेगाहर्ट्झ लावा आणि धबधब्यासारखी खाली सरकणारी पट्टी बघा. मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना २५ किलोहर्ट्झवर छोटे-छोटे तुकडे उमटताना दिसतील. प्रत्येक तुकडा म्हणजे एका जहाजाचा एक संदेश. किनाऱ्यापासून फार लांब नसाल आणि तरी पट्टी कोरी असेल, तर आधी अँटेनाकडे जा, सॉफ्टवेअर उगाच बदलत बसू नका. मुंबईत उलटाही त्रास होतो. एफएम स्टेशनांचे ट्रान्समीटर जवळ असल्याने डाँगल त्या आवाजाने दबतो. अशा वेळी गेन, म्हणजे सिग्नल किती मोठा करायचा ते प्रमाण, वाढवायचे नाही, कमी करायचे. तेवढ्याने भागले नाही तर एफएम अडवणारा फिल्टर लावा. शिवाय घरातले एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर एकेक करून बंद करून पाहा. कोणता तरी एक दोषी निघतोच.

तुकडे दिसले की तो प्रोग्रॅम बंद करून एआयएस-कॅचर सुरू करा. तो फुकट आहे, दोन्ही वाहिन्या एकदम ऐकतो आणि ब्राउझरमध्ये स्वतःचा नकाशाही दाखवतो. खरा सागरी नकाशा हवा असेल तर ओपनसीपीएन या फुकट प्रोग्रॅमला त्याची माहिती जोडता येते.

सुरुवातीला ठिपके दिसतील पण नावे दिसणार नाहीत. काही बिघडलेले नसते. जागा आणि वेग सांगणारा संदेश वेगळा, नाव-गाव सांगणारा वेगळा, आणि हा दुसरा सहा मिनिटांतून एकदाच येतो. तो लांबलचक असल्याने वाटेत बिघडण्याची शक्यता जास्त, हुकला तर पुन्हा सहा मिनिटे थांबायचे. चहा करून या.

एवढी जहाजे एकाच वाहिनीवर बोलतात, मग गोंधळ कसा होत नाही? प्रत्येक मिनिटाचे २२५० कप्पे पाडलेले असतात, एकेक सुमारे २६.७ मिलिसेकंदांचा. सगळ्यांची घड्याळे जीपीएसवर चालतात. एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकून जागा धरतात, तसे प्रत्येक जहाज आत्ताचा संदेश पाठवतानाच आपला पुढचा कप्पा जाहीर करून टाकते आणि बाकीची तो सोडून बसतात. वर कोणी कंट्रोलर नाही.

संदेश वाचायचा कसा

एआयएस-कॅचरमध्ये मूळ ओळी पाहायची सोय आहे. प्रत्येक ओळ उद्गारचिन्ह आणि 'एआयव्हीडीएम' या अक्षरांनी सुरू होते, मग स्वल्पविरामांमध्ये अर्थहीन वाटणारी अक्षरांची रांग. मोठ्या जहाजाच्या जागेच्या संदेशात ही रांग २८ अक्षरांची असते. एका अक्षरात सहा बिट, एकूण १६८. पहिले अक्षर १, २ किंवा ३ असेल तर तो मोठ्या, 'अ' वर्गाच्या जहाजाचा संदेश. लहान बोटींच्या 'ब' वर्गाचा क्रमांक १८. नाव सांगणारा ५.

संदेशात सगळ्यात आधी बघायचा तो नऊ आकडी एमएमएसआय क्रमांक, म्हणजे जहाजाची रेडिओवरची ओळख. त्याचे पहिले तीन आकडे म्हणजे जहाजाचा झेंडा कोणत्या देशाचा. ४१९ आपला. ६३६ लायबेरिया, ५३८ मार्शल बेटे, ३५१ ते ३५७ पनामा. न्हावा शेवाला येणाऱ्या जहाजांवर हेच झेंडे जास्त दिसतील. मालक भलत्याच देशात असतो, ही सागरी धंद्याची जुनी रीत. ९९ ने सुरू होणारा क्रमांक बोया किंवा दीपस्तंभाचा, आणि ९७० दिसला तर तो जीवरक्षक नौकेवरच्या संकटकालीन उपकरणाचा. चाचणीचा संदेश असेल तर तसे त्यात लिहिलेले असते.

जहाज विकले आणि झेंडा बदलला की एमएमएसआय बदलतो. आयएमओ क्रमांक, म्हणजे खुद्द जहाजाच्या सांगाड्याला दिलेला सात आकडी क्रमांक, मात्र जहाज भंगारात जाईपर्यंत तोच राहतो आणि तो जहाजाच्या अंगावर कायमचा कोरलेलाही असतो. त्याची खरी-खोटी कागदावर करता येते. २०२१ च्या मार्चमध्ये सुएझ कालव्यात आडवे अडकलेले एव्हर गिव्हन घ्या, क्रमांक ९८११०००. पहिल्या सहा आकड्यांना ओळीने ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणा: ६३, ४८, ५, ४, ०, ०. बेरीज १२०. तिचा शेवटचा आकडा शून्य, आणि क्रमांकाचा सातवा आकडाही शून्य. जुळले. न जुळणारा क्रमांक दिसला की तो कोणीतरी हाताने चुकीचा भरला आहे किंवा मुद्दाम बनवला आहे.

'माहीत नाही' म्हणण्याचीही एक पद्धत आहे. अक्षांश ९१, रेखांश १८१, नाकाची दिशा ५११, वेग १०२.३ नॉट (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) असे अशक्य आकडे म्हणजे त्या रकान्यासाठी जहाजाकडे माहितीच नाही. जहाज शंभर नॉटने सुटले म्हणून कोणाला फोन करू नका.

दिशांचे दोन रकाने असतात आणि नवशिक्यांचा तिथेच घोळ होतो. एक जहाज प्रत्यक्षात कुठे सरकते आहे त्याचा, दुसरा त्याचे नाक कुठे आहे त्याचा. हा फरक बघायला मुंबई बंदरासारखी जागा नाही. नांगरलेली पाच-सहा जहाजे निवडा. त्यांचा वेग ०.१ किंवा ०.२ नॉट, म्हणजे जागच्या जागी. अशी जहाजे तीन मिनिटांतून एकदाच बोलतात. आता फक्त नाकाची दिशा नोंदवत राहा. ओहोटी असेल तर पाणी बंदरातून बाहेर धावते आणि नांगराला बांधलेली जहाजे प्रवाहाकडे तोंड करून, म्हणजे नाक बंदराच्या आतल्या बाजूला ठेवून उभी राहतात. भरती लागली की एकामागून एक वळतात आणि नाके समुद्राकडे होतात. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, त्यामुळे हा खेळ रोज चालतो. रिकामे टँकर, पाण्यावर उंच उभे असल्याने, वाऱ्यालाही बळी पडतात आणि बाकीच्यांशी कोन करून राहतात. भरती-ओहोटीचे वेळापत्रक शेजारी ठेवून एक दिवस हे पाहा. बंदराची समज येण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

चालती जहाजे जास्त बोलकी. १४ नॉटपर्यंत दर दहा सेकंदांनी, १४ ते २३ दरम्यान दर सहा सेकंदांनी, त्यावर दर दोन सेकंदांनी. वळत असतील तर आणखी भरभर.

किती विश्वास ठेवायचा

जागा आणि वेग उपकरणातून आपोआप येतात. पण 'नांगरलेले', 'इंजिनावर चालू' ही स्थिती, पुढचे बंदर, पोचण्याची वेळ आणि पाण्याखालची खोली हे सगळे जहाजावरचा माणूस हाताने भरतो. म्हणून बारा नॉटने धावणारे जहाज स्वतःला 'नांगरलेले' म्हणवते आणि न्हावा शेवाला लागलेल्याच्या रकान्यात अजून मागचेच बंदर असते. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाल्यावर काही जहाजांनी पुढच्या बंदराच्या रकान्यात 'सशस्त्र रक्षक आहेत', 'सर्व खलाशी चिनी' असे लिहायला सुरुवात केली. रकाना वीस अक्षरांचा, त्यात ज्याला जे सांगायचे ते सांगतो.

आपोआप येणारी जागाही खोटी असू शकते, कारण ती जीपीएसवरून येते आणि एआयएसमध्ये सही-शिक्का असा काही नाही. २०१७ च्या जूनमध्ये काळ्या समुद्रात रशियाच्या नोवोरोसिस्क बंदराजवळची कितीतरी जहाजे एकदम गेलेंजिक विमानतळावर उभी असल्यासारखी दिसू लागली होती. कोणीतरी जीपीएसलाच फसवले होते.

आणि जे दिसत नाही ते नसते, असेही नाही. युद्धनौकांना एआयएसची सक्ती नाही. निर्बंध चुकवणारे टँकर ती बंद ठेवतात. मासेमारी नौकांचे म्हणाल, तर २६/११ नंतर २० मीटरपेक्षा लांब नौकांना एआयएस लावायला सांगितले गेले, पण ससून डॉकमधल्या कितीतरी नौका त्याहून लहान. लहान नौकांसाठी सरकारने इस्रोच्या तंत्राचा उपग्रहाशी बोलणारा ट्रान्सपाँडर काढला, त्याची देशभरची सुरुवात ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्येच झाली. तो तुमच्या डायपोलवर ऐकू येणार नाही. त्यामुळे नकाशा मोकळा दिसतो म्हणून समुद्र मोकळा आहे असे समजून कोणी होडी हाकू नये. 

पडताळायचे असेल तर दुर्बीण घ्या. मांडव्याच्या लाँचमधून जाताना जहाजाच्या मागच्या भागावरचे नाव, त्याखालचे नोंदणीचे बंदर आणि आयएमओ क्रमांक वाचा आणि फोनवरच्या माहितीशी जुळवा.

ऐकलेली माहिती साइटना पुरवता येते, बदल्यात त्या जास्तीच्या सोयी देतात. मात्र एआयएसची माहिती जगभर जाहीर करण्याने जहाजांच्या सुरक्षेला धोका होऊ शकतो, असे सागरी संघटनेच्या समितीने २००४ मध्येच म्हटले होते. पुरवायची की नाही हे ज्याने-त्याने ठरवावे. पुरवलीत, तर अँटेनाची नेमकी जागा जाहीर न करण्याचा पर्याय असल्यास तो निवडा.

किती लांबचे ऐकू येते

हिशोब सोपा आहे. अँटेनाच्या उंचीचे मीटरमधले वर्गमूळ, अधिक जहाजाच्या अँटेनाच्या उंचीचे वर्गमूळ, गुणिले ४.१२. उत्तर किलोमीटरमध्ये. आठव्या मजल्यावरची गच्ची २५ मीटर, जहाजाचा अँटेना ३६ मीटर धरला तर पाच अधिक सहा अकरा, म्हणजे ४५ किलोमीटर. तळमजल्यावरून पाच मीटरला हेच ३४ होते, आणि समोर इमारत असेल तर तेवढेही नाही. माथेरानच्या ८०० मीटरवरून १४० च्या आसपास. कोकणात कड्यावरच्या घरात राहणाऱ्यांचा हेवा वाटतो तो यासाठी.

पण पावसाळा संपल्यापासून पुढच्या मेपर्यंत अरबी समुद्र हा हिशोब वारंवार उधळून लावतो. जमिनीवरून आलेली कोरडी गरम हवा समुद्रालगतच्या दमट हवेवर पसरते आणि रेडिओलहरी त्या दोहोंमध्ये नळीत सापडल्यासारख्या पृथ्वीच्या वळणाबरोबर वाकत जातात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईतल्या सुमारे २०० मेगाहर्ट्झच्या रडारवर उन्हाळ्यात थेट अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी येत. एआयएसची वारंवारिता त्याहून थोडीच खाली. म्हणून एखाद्या संध्याकाळी ३३५ किलोमीटरवरच्या वेरावळसमोरची जहाजे यादीत येऊ लागली तर उपकरण बिघडले असे समजू नका, नोंद ठेवा. मान्सून आला की वारा हवेचे थर ढवळून टाकतो आणि हे सगळे बंद पडते.

लांबचे जहाज दिसले की ते खरेच लांब आहे की त्याचा जीपीएस चुकतो आहे, ही शंका घ्यायलाच हवी. तिचे उत्तर जहाजांपाशी नसते, किनाऱ्यावरच्या केंद्रांपाशी असते. ही केंद्रे चौथ्या प्रकारचा संदेश पाठवतात, त्यांचा क्रमांक दोन शून्यांनी सुरू होतो, पुढे देशाचे तीन आकडे. भारताचे असेल तर ००४१९. केंद्र जमिनीत रोवलेले असते, ते हलत नाही. तेव्हा मार्च-एप्रिलच्या संध्याकाळी जहाजांची यादी बाजूला ठेवून फक्त दोन शून्यांचे क्रमांक गाळून घ्या आणि त्यांत ००४६१ शोधा. ४६१ म्हणजे ओमान, मुंबईपासून साधारण १४०० किलोमीटर.